दिवाळीपर्यंत थांब म्हणाले होते

लेकीनं एमबीबीएसची सरकारी सीट सोडली, त्याला आता वर्ष होईल. आम्ही कळव्याचे, सीट मिळाली ती विदर्भात. विदर्भ एक्सप्रेसला ठाणे स्टेशनात तिला बसवताना तिच्या बाबांनी पेढ्यांचे दोन बॉक्स दिले होते, एक रूममेट्ससाठी.

पंधराव्या दिवशी तिचा रात्री फोन आला. "आई, मला हे नाही करायचं." मृतदेह बघून घाबरली असेल, असं मला वाटलं. तसं नव्हतं. डिसेक्शन हॉलमध्ये ती नीट उभी राहत होती, टेस्टला मार्कही बरे होते. तिला गणित हवं होतं. दहावीनंतरही तिनं तेच सांगितलं होतं, आणि नीटच्या क्लासचे पैसे आम्ही भरले होते. मी म्हणाले, "बाळा, दिवाळीपर्यंत कळ काढ, मग बघू."

प्रवेशाच्या फेऱ्या तेव्हा चालू होत्या. एका ठरावीक तारखेपर्यंत सीट सोडली तर ती पुढच्या फेरीत जाते, खालच्या मुलाला मिळते. त्यानंतर सोडली तर दंड भरावा लागतो, आणि शेवटची फेरी संपल्यावर ती जागा कुणालाच मिळत नाही. नुसतं तेच वर्ष नाही, त्या बॅचची सगळी वर्षं ती रिकामी राहते. हे मला दिवाळीनंतर कळलं.

लोक विचारतात बाँडचं. पास झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा, हे सगळ्यांना पाठ असतं. आम्हीही कोर्ट नाक्यावर स्टॅम्प पेपर घेऊन नोटरी केली, सह्या केल्या. पण सीट मध्येच सोडण्याबद्दलचा मजकूर आम्ही दोघांनीही नीट वाचला नव्हता. दंडासाठी माझ्या बांगड्या मोडल्या, उरलेल्यासाठी पतपेढीचं कर्ज काढलं. ते फिटेल.

कागदांसाठी मी तिच्याबरोबर गेले. मूळ गुणपत्रिका, डोमिसाईल, सगळं कॉलेजात जमा होतं. ते परत मिळायला नो ड्यूजच्या फॉर्मवर सह्या हव्या होत्या: ग्रंथालय, हॉस्टेल, मेस, अकाउंट्स, अ‍ॅनाटॉमी. अ‍ॅनाटॉमीत बोन सेट परत करायचा होता. लेकीनं एकेक हाड टेबलावर मांडलं, नाव घेत घेत, फीमर, टिबिया, फिब्युला. एकही चुकलं नाही. तिथले मास्तर म्हणाले, "एवढं येतंय, मग का जातेस?" ती म्हणाली, "सर, येतंय म्हणून नाही राहता येत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हेच ती मला फोनवर सांगत होती.

आता ती ठाण्यातच बीएस्सीला आहे. रात्री वहीत काहीतरी सोडवत बसते, जेवायला चार हाका माराव्या लागतात. तिच्या निर्णयाचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं माझ्या त्या "दिवाळीपर्यंत"चं. गुणवत्ता यादीत तिच्या खाली कुणीतरी होतं, थोड्या मार्कांनी राहिलेलं, कदाचित माझ्या लेकीहून जास्त आस लावून बसलेलं. आम्ही ती जागा अडवली आणि वाया घालवली.

परवा खारेगावच्या माझ्या नणंदेचा फोन आला. तिच्या मुलाचा नंबर लागलाय, मराठवाड्यात. पण चार दिवस झाले, तो गप्प गप्प आहे म्हणाली.

"वन्सं, सीट सोडायची शेवटची तारीख काय आहे?" मी आधी तेच विचारलं.

त्या म्हणाल्या, "बघून सांगते."

मी फोन ठेवला नाही. म्हटलं, आत्ताच बघा, मी थांबते.