सड्याच्या राखणीचा अर्ज

पुरस्काराच्या अर्जात सातवा रकाना होता, 'केलेल्या कार्याचा तपशील'. त्या एका रकान्यापाशी मी तीन आठवडे अडले.

ज्यांच्यासाठी अर्ज भरत होते त्या आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "आमी काय केलाव बाई? कायच नाय." आणि ते खरंच होतं. राजापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या वर जो सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार आहे, त्यात आप्पांच्या भाऊबंदांची सामाईक जमीन आहे. त्या कातळात अकरा कातळशिल्पं कोरलेली आहेत. एक मोठा मासा, पाय फाकून उभी दोन माणसं, बाकी काही आकृत्या अजून कुणालाच उलगडलेल्या नाहीत. लहानपणापासून सगळे त्यांना 'पांडवांची चित्रं' म्हणत आले. सातबाऱ्यावर ही सगळी जमीन 'पोटखराब' आहे. तिथे भात होत नाही, पावसाळ्यात गुरांना गवत तेवढं मिळतं. पण जांभा, घरं बांधायचा तांबडा दगड, उत्तम. वीस वर्षांत चिरेखाणवाले कितीदा तरी दारात येऊन बसले. यांनी जमीन दिली नाही. कलमं लावायला जेसीबी घातला नाही. सड्यावर गाडी चढू दिली नाही.

हे सगळं 'नाही' अर्जात कसं लिहायचं?

आधी माझ्या डोक्यात युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा पुरस्कार होता. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला २०२२ मध्ये त्यातला सर्वोच्च सन्मान मिळाला, ती बातमी मी मुलांना वर्गात वाचून दाखवली होती. पण त्याचे नियम वाचल्यावर कळलं की तो पूर्ण झालेल्या संवर्धन प्रकल्पांसाठी असतो. आमच्याकडे ना प्रकल्प, ना वास्तुविशारद, ना खर्चाचा हिशोब. मग एका संस्थेचा पुरस्कार सापडला, पुरातत्त्वीय वारसा जपणाऱ्या स्थानिक माणसांसाठीचा. तो आप्पांनाच शोभेल असं वाटलं.

'जागेचं महत्त्व' हा रकाना भरणं सोपं गेलं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यात उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमळ अशी नऊ ठिकाणं आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या. देवाच्या गोठण्याला कोरलेल्या माणसाजवळ होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडेच वळते. हे सगळं मी भरभरून लिहिलं. आमच्या सड्याचं नाव कुठल्याच यादीत नाही हेही लिहिलं, कारण यादीत नसलेल्या जागेला वाचवायला घरच्या माणसांशिवाय कुणीच नसतं.

सातव्या रकान्याची वाट मात्र माझ्या जुन्या विद्यार्थ्याने दाखवली. त्याने शाळेच्या संगणकावर गूगल अर्थ उघडून सड्याची जुनी आणि नवी उपग्रहचित्रं शेजारी शेजारी लावली. जुन्या चित्रात सगळा सडा एकसारखा करडा. नव्यात तिन्ही बाजूंनी तांबडे चौकोन, एकाला एक चिकटलेले, पायऱ्या पायऱ्यांनी खाली गेलेले. आणि मधोमध आप्पांचा तुकडा, तसाच करडा. मी बराच वेळ त्या पडद्यासमोर बसून होते. आप्पांनी काय केलं, ते तिथे दिसत होतं. तीच दोन चित्रं रकान्यात चिकटवली आणि खाली चार ओळी लिहिल्या.

फोटोंनी वेगळाच त्रास दिला. आमच्याकडचे सगळ्यात सुंदर फोटो नेमके चुकीचे निघाले. माझ्याच सहलीच्या मुलांनी आकृत्या उठून दिसाव्यात म्हणून रेघांमधून खडू फिरवला होता, आणि मी शेजारी उभी राहून कौतुक करत होते. संस्थेने ते फोटो परत पाठवले आणि स्पष्ट लिहिलं, रेघांमध्ये काहीही भरू नये, त्याने कोरीवकामाचा पृष्ठभाग बिघडतो. त्यांचं बरोबर होतं. पुन्हा काढायचे तर कातळशिल्प भर दुपारी नीट दिसत नाही, ऊन तिरपं लागतं. आम्ही सकाळी साडेसातला वर जायचो, केरसुणीने हलकेच पाला बाजूला करायचा, मोजपट्टी ठेवायची, आणि सूर्य वर येईस्तोवर वीस-पंचवीस मिनिटांत काम उरकायचं. त्या उन्हात माशाचे खवले एकेक करून सावली धरतात. इतकी वर्षं वर जाऊनही मी ते पाहिले नव्हते.

त्याच फेऱ्यांत मला वाटेवरचा गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत दिसली. कमरेएवढा, मातीचुन्याशिवाय सुका रचलेला, बरोबर त्या वळणावर जिथून ट्रक आत येऊ शकला असता. कुणी घातला म्हणून विचारलं तर आप्पा म्हणाले, आम्हीच, चार भावांनी, एका मे महिन्यात. इतके दिवस मी 'काय केलंत' विचारत होते आणि हा गडगा त्यांना सांगावासाही वाटला नव्हता.

खरी दमछाक सह्यांची. अर्जाच्या नमुन्यात एकाच माणसाचं नाव लिहायची सोय होती. आप्पांनी साफ सांगितलं, सडा माझ्या एकट्याचा नाही, एकट्याचं नाव घालू नका. सातबाऱ्यावर तेवीस नावं, निम्मी मुंबईत आणि ठाण्यात. शेवटी गणपतीत सगळे चाकरमानी गावात आले, तेव्हा आरतीनंतर घरोघर जाऊन संमतीपत्रावर सह्या घेतल्या. एक नाव अडलं. आप्पांच्या थोरल्या भावाचं. ते जाऊन सहा वर्षं झाली, पण वारसनोंद झालेली नव्हती. संस्थेच्या कार्यालयातून फोनवर सांगितलं, मयताचं नाव काढा. आप्पा नाही म्हणाले. "खाणवाल्याला पयला नाय म्हनला तो आमचा दादा." मी दादांच्या मुलांच्या सह्या घेतल्या, दादांचं नाव तसंच ठेवलं, आणि सोबतच्या पत्रात कारण लिहिलं. त्याच पत्रात विनंती केली की जागेचे अक्षांश-रेखांश कुठेही छापू नयेत. पत्ता फुटला की खडू घेऊन येणाऱ्यांना थांबवणं आमच्या हातात राहत नाही.

माघात निकाल कळला. पुरस्कार मिळाला होता. पण मानपत्र आलं ते एकट्या आप्पांच्या नावाचं. त्यांनी ते उघडून पाहिलं आणि माझ्याकडे परत दिलं. मग पुन्हा पत्रं, पुन्हा फोन, दोन महिने. मला रागही आला, कारण तेवीस नावांचा कागद संस्थेकडे पहिल्यापासून होता. पण दुसरं मानपत्र त्यांनी नव्याने करून पाठवलं, सातबाऱ्याच्याच क्रमाने सगळी नावं.

आप्पांच्या पडवीत मी ते मोठ्याने वाचलं. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून त्यांनी माझा हात धरून विचारलं, दादाचं नाव कुठे आहे. मी त्यांचं बोट दुसऱ्या ओळीवर नेऊन ठेवलं.