आवतण

येळवशीचं, म्हणजे वेळा अमावास्येच्या शेतातल्या जेवणाचं, आवतण यंदा फोनवर आलं. भावकीच्या ग्रुपवर. 'उद्या सर्वांनी शेतात जेवायला येणे', पुढं हात जोडलेले आणि खाली लोकेशन. ज्या वावरात माझी नाळ पुरली, त्या वावराचं लोकेशन. मला.

बारा-पंधरा जणांनी अंगठे टाकले. मी नाही टाकला. राग आला म्हणून नाही. बरं, रागच आला होता.

बप्पा आदल्या दिवशी कडुसं पडलं की घरोघर निघायचे. उंबऱ्यातूनच सांगायचे, "उद्या कोपीवर या." चहाला थांबायचे नाहीत, पुढची घरं राहिलेली असायची. १९९३ च्या भूकंपानंतर पहिली येळवस आली तेव्हा निम्मं गाव पत्र्याच्या शेडात होतं. त्या साली सुद्धा शेडाशेडानं फिरले. त्या साली तर... जाऊ दे.

पोरगं म्हणालं, "बाबा, बप्पांकडं फोन असता तर त्यांनीबी ग्रुपच केला असता."

केला असता का? गुडघे फार दुखायचे त्यांचे. केला असता बहुतेक. पण म्हणून मला अंगठ्यांच्या रांगेत उभं करायचं?

आज निघालो. औशाच्या पुढं रस्ता रुंद झाला, बाभळीपाशी वळायचं ती बाभळच राहिली नाही. दोनदा पुढं जाऊन माघारी आलो. पोरानं काही न बोलता फोन समोर धरला. "दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा." एक बाई मला माझ्या वावराची वाट दाखवत होती आणि मी निमूट ऐकत होतो.

कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव, भज्जी, उंडे, बिंदग्यात आंबील. सगळं जागच्या जागी. आत्या फोन उलटा धरून पुण्यातल्या नातीला पांडव दाखवत होती. नातीला बहुतेक आभाळच दिसत असेल.

पुतण्या म्हणाला, "काका, मेसेज वाचल्याचं दिसलं, उत्तर नाही. म्हणलं रुसलाव काय."

"रेंज नव्हती," मी म्हणालो.

तेवढ्यात रस्त्यानं कोणीतरी मोटारसायकलवर चाललं होतं. पुतण्या पळत बांधावर गेला, दोन्ही हात वर करून ओरडला, "ओ पाव्हणं, थांबा! जेवून जावा!"

कोण, कुठला, ठाऊक नाही. त्याला तोंडी आवतण.

मी आंबिलीचा तिसरा गिलास मागितला.