जिम्नीच्या मागे दोन सायकली

कामशेतच्या अलीकडे चहाला थांबलो म्हणून बरं झालं. गाडीच्या मागे जाऊन बघते तर सायकली टांगलेल्या रॅकचा खालचा पट्टा ढिला होऊन लोंबत होता आणि लेकीच्या सायकलच्या पेडलने बंपरचा कोपरा खरवडून काढला होता. तिथून लोणावळ्यापर्यंत चाळीसच्या वेगाने गेलो. माझं सगळं लक्ष आरशातच.

तो पट्ट्यांचा रॅक मी घाईने मागवला होता. हा प्रकार मुळात सपाट पाठीच्या हॅचबॅकसाठी आहे. आमची जिम्नी म्हणजे छोटी जीपसारखी गाडी, तिच्या पाठीवर स्टेपनी, त्यामुळे रॅकला टेकायला धड जागा नाही. दाराच्या कडेला अडकवलेल्या आकड्यांनी रंगाचे दोन टवकेही उडवले. घरी आल्यावर तो काढून माळ्यावर टाकला आणि ठरवलं की आता आधी मोजायचं, मग घ्यायचं.

सामानाच्या काट्यावर दोन्ही सायकली टांगल्या. माझी १४.५ किलो, लेकीची १२.५. म्हणजे २७ किलो आणि वर रॅकचं वजन.

छताचा विचार फार वेळ टिकला नाही. गाडीची उंची १७२० मिलिमीटर, माझी पाच फूट एक इंच. तीन तास सायकल चालवून दमलेल्या हातांनी साडेचौदा किलो डोक्याच्या वर उचलून नेमकं खाचेत बसवायचं, हे मला रोज जमणार नाही. शिवाय उभी सायकल धरली की एकूण उंची तीन मीटरच्या आसपास जाते आणि आमच्या बेसमेंटच्या तोंडाशी २.२ मीटरची पाटी आहे. एखाद्या रात्री झोपेत विसरले तर?

खरा मोह पडला तो स्टेपनीवर बसणाऱ्या रॅकचा. स्टेपनी काढायची, मागे पट्टी लावायची, चाकाच्या मधल्या भोकातून दांडा बाहेर काढायचा, त्यावर सायकली टांगायच्या. सुटसुटीत आणि स्वस्त. पण ऑर्डर देण्याआधी खालच्या मजल्यावरच्या काकांना गाडी दाखवली. त्यांची उभी हयात मशीन शॉपमध्ये गेली. त्यांनी मागचं दार उघडलं, स्टेपनीवर दोन्ही हात ठेवून वजन टाकलं आणि मला म्हणाले, "बिजागऱ्यांकडे बघ. स्टेपनीचं वजन या पेलतायतच. आता तू आणखी सत्तावीस किलो टांगणार, तेही हातभर बाहेर. आणि खड्ड्यात गाडी आपटली की सत्तावीस किलो सत्तावीस राहत नाहीत गं."

ज्यांची गाडी डांबरी रस्ता सोडत नाही त्यांनी असा रॅक खुशाल घ्यावा, फक्त त्याला किती किलो चालतात ते बघून. आम्ही मात्र गाडी घेतली तीच कच्च्या रस्त्यासाठी. त्या आदळआपटीचा भार दारावर यायला नको होता. जिम्नी शिडीसारख्या चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली आहे, मग भार चॅसीनेच घ्यावा. म्हणून बंपरखाली दोन इंची चौकोनी रिसीव्हर (रॅकचा दांडा आत सरकवायची पोकळ नळी) बसवून घेतला, वेल्डिंग न करता बोल्टने, आणि त्यात अडकणारा दोन सायकलींचा रॅक घेतला. किंमत स्टेपनीवाल्या रॅकच्या जवळजवळ तिप्पट पडली, पण मला ती पटली. यात सायकल लोंबत नाही, चाकांवर उभी राहते आणि वरून एक हात टायरला दाबून धरतो. लेकीच्या सायकलची वरची नळी इतकी तिरकी आहे की टांगायच्या रॅकवर तिला जास्तीचा दांडा लागला असता. उचलायचंही मांडीपर्यंतच.

इथे एक माप चुकलं असतं तर सगळं वाया गेलं असतं. स्टेपनी बंपरच्या बरीच बाहेर येते. गवंड्याचा ओळंबा आणला, टायरच्या सगळ्यात बाहेरच्या कडेला दोरी टेकवली, शिसं खाली सोडलं आणि रिसीव्हरच्या तोंडापासून त्या दोरीपर्यंत टेपने मोजलं. त्यावर हँडलसाठी चार बोटं जागा धरली. नेहमीचा दांडा अपुरा पडत होता, लांब मागवावा लागला.

दुसरी अडचण बसवल्यानंतरच कळली. जिम्नीचे मागचे दिवे बंपरमध्ये, खाली. सायकलींची चाकं नेमकी त्यांच्यासमोर आली. संध्याकाळी लेकीला ब्रेक दाबायला बसवून मी दहा पावलं मागे गेले, तर लाल उजेड आऱ्यांतून तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. हे चालणारच नाही. मागून येणाऱ्या ट्रकला आपला ब्रेक कळलाच पाहिजे. इलेक्ट्रिशियनकडून रॅकच्या टोकाला दिव्यांची पट्टी लावून घेतली, ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही. नंबर प्लेट झाकली जाऊ नये म्हणून सायकली थोड्या सरकवून ठेवतो.

डिसेंबरात राजमाचीला गेलो. तुंगार्ली सोडलं की किल्ल्याखालच्या उधेवाडी गावापर्यंत साधारण पंधरा किलोमीटर दगडमातीचा रस्ता. पहिल्याच टप्प्यात रॅक रिसीव्हरमध्ये खडखडायला लागला, तेव्हा उतरून ढिलेपणा घालवणारा बोल्ट आवळला आणि आवाज बंद झाला. एका कोरड्या ओढ्यातून वर चढताना मात्र मागून खर्रकन आवाज आला. लांब दांड्यामुळे शेपूट वाढलेलं, ते दगडाला घासलं होतं. पुढच्या प्रत्येक ओढ्याला लेक आधी उतरायची. "आई, डावीकडे घे. अजून... थांब!" अशी ती मागून बघत राहिली आणि मी तिरकी गाडी काढत गेले. पुन्हा घासलं नाही.

सायकली लावल्या की मागचं दार उघडत नाही. त्यामुळे पाणी, पंप आणि पाने आता मागच्या सीटवर असतात. रॅक वापरात नसला की काढून ठेवते. उगाच कुणाच्या नडगीला लागायला नको.

उधेवाडीत उतरल्यावर दिवे, बोल्ट, टायरवरचे हात सगळं एकदा चाचपलं. काही हललं नव्हतं. सायकली खाली घेतल्या आणि ऊन चढायच्या आत राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्याच्या पायथ्याकडे निघालो.