भिंतीवर टांगल्या जागी तडकलेली काच

"कुणी हातसुद्धा लावला नाही, तरी रात्रीतून तडकली," असं म्हणत एक गृहस्थ शिसवी फ्रेम घेऊन आले. आत त्यांच्या आजोबांचं पेन्सिलचित्र. घरात मात्र धाकट्या मुलावर चेंडू मारल्याचा आळ आला होता.

काच बघून मला तो आळ पटेना. चेंडू बसला की त्या जागेपासून तडे चहूकडे पसरतात. इथे एकच तडा, तोही खालच्या कडेपासून निघून वाकत वर गेलेला.

फ्रेम पालथी घालून मागचा कागद सोलला. बारीक खिळे थेट हातोडीने ठोकले होते. मऊ लाकडात हे खपून जातं, शिसवात खिळा वाकतो आणि जिकडे वाट मिळेल तिकडे घुसतो. तड्याच्या तोंडाशी असलेला खिळा असाच पुठ्ठ्याखाली शिरून काचेच्या कडेवर रुतला होता. त्यात काच फ्रेमच्या आतल्या कडेच्या खाचेत ठासून बसवलेली. हवेत ओल वाढली की लाकडाची पट्टी रुंदीत फुगते, मग काचेने जायचं कुठे? (काच जितकी घट्ट तितकं काम पक्कं, असं पुष्कळ जण मानतात. कपाळाला हात लावावा असा समज.) तो खिळा पकडीने उपटला आणि गृहस्थांच्या हातावर ठेवला. मुलाची सुटका तिथेच झाली.

खाच पटाशीने साफ केली. नवी काच लांबी-रुंदीत 3 मिमी कमी कापली, म्हणजे प्रत्येक बाजूला दीड मिमी मोकळी. चित्र काचेला टेकू नये म्हणून मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), मागे आम्लरहित पुठ्ठा, त्यावर 3 मिमीचं एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता). खिळ्यांना रजा देऊन पितळी फिरत्या पट्ट्या लावायचं ठरवलं; त्या एमडीएफ धरून ठेवतात आणि फिरवल्या की मागची बाजू उघडते. शिसवात पितळी स्क्रू सरळ पिळला तर मान तुटते आणि उरलेला तुकडा आत अडकतो. म्हणून आधी बारीक ड्रिलने भोक, मग पितळी स्क्रूच्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून एकदा आत-बाहेर, आणि शेवटी पितळी.

साठ बाय ऐंशी सेंटिमीटरची 2 मिमी काचच सुमारे 2.4 किलो भरते. त्यामुळे टांगायच्या कड्या एमडीएफवर न लावता बाजूच्या लाकडी पट्ट्यांत बसवल्या.

"मागे कागद नाही चिकटवणार?" त्यांनी विचारलं.

चिकटवला, पण फिरत्या पट्ट्या उघड्या ठेवून.