पतंग ओळखताना रंग शेवटी

रात्री दिवा लावलेल्या पांढऱ्या पडद्यावर पतंग (निशाचर कीटक) बसला की आधी तो कसा बसलाय ते टिपतो. हात लागला की ही माहिती गेलीच. पंख सपाट पसरलेले आणि अंग बारीक असेल तर पहिला संशय जिओमेट्रिडी कुळावर. पंख अंगावर उतरत्या छपरासारखे असतील तर नॉक्टुइडी किंवा इरेबिडी कुळ. मात्र इरेबिडीतले बरेच पतंगही सपाटच बसतात, म्हणून एवढ्यावर नाव ठरवत नाही.

मग १० पटीचं भिंग घेऊन डोकं बघतो. मिशा दोन्ही बाजूंनी कंगव्यासारख्या दातेरी असल्या तर तो बहुधा नर. त्याच जातीच्या मादीच्या मिशा पुष्कळदा साध्या दोऱ्यासारख्या असतात. डोक्यापुढे चोचीसारखे स्पर्शपाद (तोंडाजवळचे छोटे अवयव) आले असतील तर सोंडेचं मूळ तपासायचं. तिथे खवले दिसले तर पायरॅलिडी किंवा क्रॅम्बिडी कुळ.

खरा वेळ जातो पुढच्या पंखावर. नॉक्टुइडीत पंखाच्या मध्याजवळ एक गोल आणि त्यापलीकडे एक मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका असतो. त्याच्या बाहेरून जाणारी आडवी रेघ कुठे वळते, दातेरी आहे की गुळगुळीत, ठिपक्याला किती जवळून जाते, हे मी रंगापेक्षा जास्त मानतो. खवले झडले की रंग जातो, हिरवे जिओमेट्रिड तर ओल लागली की पिवळट पडतात. रेघेची वळणं बरीच टिकतात. फोटो बरोब्बर वरून, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. तिरक्या फोटोत पंखाचा आकारच बदलतो.

मागचा पंख झाकलेला असतो आणि नेमका तोच लागतो. डबीत टिपकागद घालून पतंग १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवतो, फ्रीजरमध्ये नाही. कागद नसेल तर आत पाणी सुटतं आणि पंख भिंतीला चिकटतात. सुस्तावला की मऊ कुंचल्याने पुढचा पंख अलगद सरकवायचा. चिमटा नको, खवले निघतात. खालून मागच्या पंखाच्या मुळाशी एकच जाड राठ केस दिसला तर नर. मादीत बहुधा अनेक बारीक केस असतात.

काही जाती बाहेरून वेगळ्या करताच येत नाहीत. स्पोडोप्टेरा लिट्युरा आणि स्पोडोप्टेरा लिटोरॅलिस यांच्यासाठी मेलेल्या नमुन्याचं पोट १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून जननेंद्रियं पाहावी लागतात. नुसता फोटो असेल तर मी नोंदीत फक्त ‘स्पोडोप्टेरा’ लिहितो, ॲपने पूर्ण नाव सुचवलं असलं तरी.