कळत नाही म्हणजे चूक?

आज देवळात बुवांनी ज्ञानदेवांचा ‘तुज सगुण म्हणों की निर्गुण रे’ हा अभंग लावला, सगुण-निर्गुण दोन्ही एकच गोविंद म्हणणारा. परतताना इंजिनिअरिंगचा भाचा म्हणाला, "मामा, दोन्ही एकदम कसं? लॉजिकच बसत नाही."

म्हटलं, न कळणं वेगळं, विसंगत असणं वेगळं. सम संख्या सगळ्या नैसर्गिक संख्यांइतक्याच आहेत, हे गणितज्ञ कँटरचं गणित डोक्यात शिरत नाही. पण त्यात विसंगती नाही.

"गणितात सिद्धता असते, इथे?" भाचा वस्ताद आहे.

खरंय. ‘तर्कापलीकडचं’ म्हणून सुटका करून घेणाऱ्यांचा मलाही कंटाळा येतो. माया सत् नाही, असत्ही नाही, अनिर्वचनीय (अमुकच असं सांगता न येणारी) आहे, असं जीव-ब्रह्म एकच मानणाऱ्या अद्वैतानं म्हटल्यावर रामानुजाचार्यांनी मान डोलावली नाही. ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या श्रीभाष्यात सात आक्षेप काढले. त्यातला एक: अविद्या, म्हणजे हीच माया, राहते कुठे? जीवात म्हणावं, तर जीव मुळात अविद्येमुळेच! म्हणजे तक्रार ‘कळत नाही’ ही नव्हतीच, ‘हे स्वतःलाच छेदतं’ ही होती. आणि अद्वैत्यांनीही गूढ म्हणून हात झटकले नाहीत, पिढ्यानपिढ्या उत्तरं लिहिली.

सगुण-निर्गुणात मला तरी विरोध दिसत नाही. एकाच अर्थानं दोन्ही म्हटलं, तरच भांडण.

जेवताना भाच्यानं विचारलं, "मग कुठल्या दोन अर्थांनी?" वाद अजून चालू आहे, बायको झोपायला गेली.