मिलर की हेंडरसन? ड्राफ्टचा एक वाद शेवटापर्यंत नेताना

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टवर, म्हणजे टीमनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्यावर, वाद सुरू करायला काही लागत नाही. तो एका नावावर आणून थांबवायला मात्र पद्धत लागते. आम्ही पाच जण दर उन्हाळ्यात एक टीम आणि तिचा एकच पिक (निवडीची पाळी) घेतो, आणि कागदावर एक नाव उतरेपर्यंत उठत नाही. इथे २०२३ चा दाखला घेतोय. त्या वर्षी पहिल्या पिकवर बोलण्यासारखं काही नव्हतं. पाळीचा क्रम ठरवणारी लॉटरी सॅन अँटोनियोला लागली त्याच क्षणी व्हिक्टर वेंबन्यामा त्यांचा झाला. खरा पेच दुसऱ्या पिकवर, शार्लट हॉर्नेट्सपुढे होता: अलाबामा विद्यापीठाचा सहा फूट नऊ इंची विंग (कडेने खेळणारा) ब्रँडन मिलर, की एनबीएच्या खालच्या जी लीगमधल्या इग्नाइट टीमचा सहा फूट दोन इंची पॉइंट गार्ड (चेंडू नेऊन खेळ रचणारा) स्कूट हेंडरसन?

लॉटरी १६ मे रोजी झाली आणि ड्राफ्ट २२ जूनला. मधले सदतीस दिवस हाच कामाचा काळ. लॉटरीआधी आम्ही टीम धरून चर्चा करत नाही, आणि त्याला कारण आहे. एक ते चौदा आकड्यांचे चेंडू यंत्रात असतात, त्यातले चार निघतात. चार आकड्यांच्या अशा १००१ जुळण्या होतात, एक बाद करून १००० जुळण्या टीमना वाटतात. सगळ्यात वाईट तीन टीमना पहिल्या पिकची प्रत्येकी १४ टक्के संधी. डेट्रॉइटने ८२ पैकी फक्त १७ सामने जिंकले होते, तरी ते पाचव्या नंबरवर घसरले. सगळ्यात वाईट टीम पाचवी येण्याची शक्यता ४७.९ टक्के असते, म्हणजे हे काही नवल नव्हे. २७ विजय मिळवलेली शार्लट चौथी वाईट होती. तिला पहिल्या चारात येण्याची संधी ४८.१ टक्के, जवळजवळ नाणेफेकच. त्यामुळे मेच्या मध्यापर्यंत फक्त खेळाडूंचे थर (दर्जाचे गट) लावायचे, टीमचं नाव काढायचं नाही. शिवाय पिक आधीच कुठल्या ट्रेडमध्ये (टीमांमधल्या अदलाबदलीत) गेलाय का, ‘पहिल्या चारात आला तर आमचाच’ अशी अट आहे का, हेही बघून घ्यायचं. अर्धे वाद इथेच फुकट जातात, कारण ज्या पिकवर आवाज चढलेले असतात तो भलत्याच टीमकडे असतो.

मग प्रश्न नीट लिहून काढायचा. ‘दोघांत चांगला कोण?’ हा प्रश्न चुकीचा आहे. टीम नेमकं काय विकत घेते ते पाहा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार ठरलेल्या पट्टीवर होतो: दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं वर्ष ठेवायचं की नाही हे टीमच्या हाती. त्यानंतरही दुसऱ्या कुणी ऑफर दिली, तर तेवढेच पैसे देऊन खेळाडू ठेवायचा हक्क टीमला राहतो. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा पहिल्या वर्षी सहसा टीमला सामने जिंकून देत नाही. म्हणून मी प्रश्न असा लिहितो: ‘तिसऱ्यापासून आठव्या वर्षापर्यंत यातला कोण जास्त उपयोगी पडेल?’ हे वाक्य कागदाच्या डोक्यावर ठेवलं की ‘आपल्याकडे या जागेवर अमुक आहेच की’ हा मुद्दा आपोआप लहान होतो.

तो किती लहान व्हायला हवा, हे त्याच वर्षाने दाखवलं. शार्लटकडे टेरी रोझियर आहे, म्हणून आणखी एक गार्ड नको, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. जानेवारी २०२४ मध्ये रोझियर मायामीला गेला. पोर्टलंडकडे तिसरा पिक होता आणि गार्ड म्हणून डेमियन लिलार्ड होता, म्हणून स्कूट तिथे बसत नाही, असं सगळेच म्हणत होते. सप्टेंबर संपायच्या आत लिलार्ड मिलवॉकीचा झाला. आजची टीम बघून आठ वर्षांची खरेदी करणं म्हणजे भाड्याच्या घराच्या मापाने कपाट करून घेणं.

यानंतर सामने पाहणं. प्रत्येकाने प्रत्येक खेळाडूचे किमान चार सामने पूर्ण बघायचे: आकड्यांच्या हिशेबाने त्याचा सगळ्यात चांगला, सगळ्यात वाईट, आणि दोन चिठ्ठी टाकून. ठळक क्षणांच्या चित्रफिती वर्ज्य, कारण त्यात कुणाचाच शॉट चुकत नाही. बघताना एका वहीत मोजदाद. गार्डसाठी मी एवढंच मोजतो: ड्रिबल करत पहिल्या बचावपटूच्या पुढे गेल्यावर तो (१) रिंगपर्यंत पोचला, (२) अलीकडेच थांबून उडी घेऊन शॉट मारला, की (३) बाहेर पास दिला. चाळीसेक नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. स्कूटच्या वहीत दुसऱ्या प्रकाराच्या रेघा नको तितक्या होत्या. पहिलं पाऊल असं की समोरचा जागेवर गोठायचा, आणि मग हा मध्येच थांबून मधल्या अंतरावरून शॉट मारायचा. आम्ही ते ‘हातात आहे, सुधारेल’ म्हणून सोडून दिलं. त्यावर पुढे येतो.

विंगसाठी मोजदाद वेगळी. चेंडू हातात नसताना तो काय करतो ते बघायचं: पास येण्याआधी पाय तयार आहेत का, बचाव करताना मदतीला जाऊन आपल्या माणसाकडे वेळेत परततो का. पडद्यावर नजर चेंडूमागे धावते, म्हणून पहिल्यांदा चेंडू आणि दुसऱ्यांदा फक्त तो खेळाडू, असा सामना दोनदा पाहावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही. मिलरच्या बाबतीत खटकलं ते रिंगजवळचं काम: अंगाला अंग भिडलं की शॉट तिरका जायचा.

आकडे त्यानंतर, आधी नाही. आधी आकडे पाहिले की डोळे तेच शोधत बसतात. मिलर अलाबामात सामन्यामागे १८.८ गुण आणि ८.२ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) ३८.४ टक्के, फ्री थ्रो ८५.९ टक्के. मात्र दोन गुणांच्या शॉटची टक्केवारी पन्नासच्या खाली, आणि त्याच्या उंचीला ती कमीच. म्हणजे वहीतली नोंद आणि आकडा एकमेकांना धरून होते. स्कूटचे थ्री तिशीच्या खाली.

इथे वाद हमखास भरकटतो, कारण दोन लीगचे आकडे शेजारी ठेवले जातात. कॉलेजचा सामना चाळीस मिनिटांचा, जी लीगचा अठ्ठेचाळीस. कॉलेजात शॉटला तीस सेकंद, जी लीगमध्ये एनबीएसारखे चोवीस. कॉलेजची थ्रीची रेघ २२ फूट पावणेदोन इंचांवर, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर. स्कूट मोठ्यांमध्ये, मोठ्यांच्या रेघेवरून खेळत होता, हा त्याच्या बाजूचा मुद्दा खराच होता. वयही त्याच्या बाजूने: मिलर नोव्हेंबर २००२ चा, स्कूट फेब्रुवारी २००४ चा. सव्वा वर्षाचं अंतर. या वयात सव्वा वर्ष म्हणजे फार.

पण थ्रीच्या टक्केवारीवर विश्वास किती ठेवायचा, याचा एक साधा हिशेब आहे आणि तो वहीच्या पहिल्याच पानावर असावा. ३६ टक्क्यांचा नेमबाज शंभर थ्री मारतो, तेव्हा निव्वळ नशिबाने आकडा चार-पाच टक्के इकडेतिकडे होणं सहज शक्य असतं. म्हणजे तोच माणूस एका हंगामात ३१ चा दिसेल, दुसऱ्यात ४१ चा. मिलरने सामन्यामागे साडेसात थ्री मारले, हंगामात पावणेतीनशेच्या आसपास. तिथे हा फरक तीन टक्क्यांवर येतो. म्हणून मी टक्केवारीच्या आधी संख्या बघतो, आणि संख्या तुटपुंजी असेल तर फ्री थ्रो. फ्री थ्रोमध्ये अंतर तेच, समोर कुणी नाही, त्यामुळे हाताचा खरा पोत तिथे कळतो. फ्री थ्रो चांगले आणि थ्री वाईट असा मुलगा पुढे नेमबाज होऊ शकतो. उलट सहसा घडत नाही.

मापांबद्दल थोडक्यात. शिकागोच्या कम्बाइनमधली (ड्राफ्टआधीच्या मोजमाप-चाचण्यांतली) अनवाणी उंची धरा, कॉलेजच्या पत्रकातली नको, तिथे बूट मोजलेले असतात. उंचीपेक्षा हात वर केल्यावरची पोच आणि विंगस्पॅन (पसरलेल्या हातांची लांबी) जास्त कामाचे. पळण्याच्या वेळा मी एकदा नजरेखालून घालतो आणि विसरतो. दुखापतींचे अहवाल टीमकडे असतात, आपल्याकडे नसतात. त्यावर तर्क लढवण्यात अर्थ नाही.

आता थर. एक-दोन-तीन अशी यादी लगेच करू नका. आधी गट पाडा: ज्यांच्याभोवती टीम बांधता येईल ते एका थरात, चांगल्या टीमच्या पहिल्या पाचात खेळतील ते दुसऱ्यात, बाकीचे खाली. आमचा नियम एकच: टीमची गरज फक्त एकाच थरातल्या दोघांत निवडताना बघायची. गरजेपायी थर ओलांडायचा नाही. पोर्टलंडने १९८४ मध्ये तेच केलं. जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर हाताशी होता, म्हणून दुसऱ्या पिकवर सेंटर (रिंगजवळचा उंच खेळाडू) सॅम बोवी घेतला आणि मायकल जॉर्डन शिकागोला गेला. २०१८ मध्ये सॅक्रामेंटोने, मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या टीमने, दुसऱ्या पिकवर मार्विन बॅगली घेतला. लुका डोन्चिच तेव्हा एकोणिसाव्या वर्षी युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरून आलेला होता. पण सॅक्रामेंटोकडे डीऍरन फॉक्स होता, आणि चेंडू दोघांच्याही हातात लागणार होता.

‘गरज पाहूच नका’ हेही खरं नव्हे. फिलाडेल्फियाने २०१३, २०१४ आणि २०१५ अशा लागोपाठ तीन ड्राफ्टमधून नर्लेन्स नोएल, जोएल एम्बीड आणि जालिल ओकाफोर असे तीन उंच खेळाडू आणले. सेंटरच्या जागेची मिनिटं एका सामन्यात अठ्ठेचाळीसच. तिघांना पुरेशी मिळणार नाहीत, खेळायला न मिळालेल्याची बाजारातली किंमत उतरणार, आणि विकायला जाल तेव्हा समोरच्याला तुमची अडचण ठाऊक असणार.

थर नीट लागले तर तिसरी वाटही दिसते: खाली सरकण्याची. बोस्टनने २०१७ मध्ये पहिला पिक फिलाडेल्फियाला दिला, बदल्यात तिसरा आणि पुढचा एक पहिल्या फेरीचा पिक घेतला. फिलाडेल्फियाने मार्केल फुल्ट्झ घेतला, लेकर्सनी लॉन्झो बॉल, आणि बोस्टनला जेसन टेटम तिसऱ्यावर मिळाला. पण हे करायला तुमची आणि बाजाराची यादी वेगळी हवी. शार्लटच्या बाबतीत ही वाट आम्ही पाच मिनिटांत सोडली. खाली पोर्टलंड होती, आणि दोघांतला जो उरेल तो ती घेणार हे उघड होतं.

शार्लटची गरज तोलताना गंमत अशी झाली की दोन्ही बाजूंनी एकच नाव पुढे आलं: टीमचा पॉइंट गार्ड लामेलो बॉल. मिलरवाले म्हणाले, चेंडू लामेलोकडे राहणार, त्याच्या शेजारी उंच नेमबाज हवा. स्कूटवाले म्हणाले, घोट्याच्या दुखण्यामुळे लामेलो त्या हंगामात फक्त ३६ सामने खेळला, त्यावर सगळं कसं टांगायचं? अशी गाठ बसली की बोलणं थांबवून मत घ्यावं. पद्धत अशी: प्रत्येकाने नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि त्याखाली आपल्याच निवडीविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा. ज्याला तो लिहिता येत नाही त्याचं मत धरत नाही. हा नियम कडक वाटतो, पण आवाजाने जिंकणाऱ्यांना तोच थोपवतो. मग घड्याळ लावून पाच मिनिटं, पहिल्या फेरीत टीमला मिळतात तेवढीच, आणि निकाल.

आमचा निकाल तीन विरुद्ध दोन, स्कूट. मीही त्या तिघांत. प्रत्यक्ष ड्राफ्ट भारतात पहाटे साडेपाचला लागतो. डोळे चोळत पाहिलं, शार्लटने मिलर घेतला होता आणि पुढच्याच पिकवर पोर्टलंडने स्कूट.

पहिल्या हंगामात मिलर ७४ सामन्यांत सरासरी १७.३ गुण, थ्री ३७.३ टक्के, नवोदितांच्या पहिल्या संघात निवड. स्कूट १४ गुण, पण शॉटची एकूण टक्केवारी ३८.५. वही उघडली तर चूक तिथेच लिहिलेली सापडली, त्या दुसऱ्या प्रकाराच्या रेघांत. मधल्या अंतरावर थांबण्याची सवय आम्ही सवय म्हणून वाचली. ती खरं तर अडचण होती: सहा फूट दोन इंचांच्या गार्डला रिंगपाशी उंच हात भेटतात आणि बाहेरून शॉट पडत नसेल तर बचावपटू मागे सरून वाट अडवतो, मग तो मध्येच थांबणारच. पहिल्या पावलाच्या वेगाला आम्ही दोनदा गुण दिले, एकदा ‘वेग’ म्हणून आणि एकदा ‘पुढे सुधारेल’ म्हणून. तेव्हापासून कागदावर ‘सुधारेल’ हा शब्द एकटा चालत नाही. काय सुधारेल, कशाच्या आधारावर आणि किती वर्षांत, हे तीन रकाने भरावे लागतात.

दुसऱ्या हंगामात मनगटाच्या दुखापतीमुळे मिलर २७ सामन्यांवर थांबला आणि स्कूटचे थ्री पस्तीस टक्क्यांवर पोचले. आमचा प्रश्न तिसऱ्या ते आठव्या वर्षांचा होता, त्यामुळे त्या कागदावरचा निकालाचा रकाना कोरा आहे. करारांची चौथी वर्षं २०२७ च्या उन्हाळ्यात संपतील तेव्हा त्यात पहिली नोंद पेन्सिलने करायची, असं ठरलंय.